पाळीचं पंचांग (भाग ६) : चौदावा दिवस कुणाचा?

रबर लावलेली कालनिर्णयची गुंडाळी तिनं टेबलावर उलगडली. कडा वर येऊ नयेत म्हणून एका बाजूला माझं बीपीचं यंत्र ठेवलं आणि एकेक महिना मला दाखवायला लागली. तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. घरात कुणी विचारलंच तर दुधाचे खाडे म्हणून सांगायचं, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. एक ठिपका म्हणजे पाळीचा पहिला दिवस. दोन ठिपके म्हणजे चौदावा दिवस.

विट्याहून आलेली २८ वर्षांची मुलगी. नवरा चाकणला कंपनीत. सव्वा वर्ष दोघं चान्स घेत होते. दोन ठिपक्यांची तारीख जवळ आली की तो रजा टाकून, रात्रीची एसटी धरून घरी यायचा. "एक पण चौदावा दिवस चुकवला नाही मॅडम," ती म्हणाली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू मग तिला आवरेना.

मी ठिपके मोजले. एका पाळीपासून दुसरीपर्यंत ३३ दिवस, मग ४७, मग ३९, मग ५२. चौदाव्या दिवशी तिच्या शरीरात बहुधा काहीच घडत नव्हतं. ज्या दिवसांत घडलं असेल त्या दिवसांत नवरा चाकणला होता. त्या दोघांनी कष्ट घेतले, रजा घालवल्या, प्रवास केले, आणि हे सगळं एका अशा तारखेसाठी, जी तिची नव्हतीच.

मागच्या भागात पीसीओडीचं (पॉलिसिस्टिक ओव्हेरियन डिसीजचं) निदान कसं होतं ते आपण पाहिलं. त्यानंतर सर्वांत जास्त वाचकांनी विचारलेला प्रश्न हाच आहे : पाळी वेळेवर येत नसेल, तर बीज कधी तयार होतं हे ओळखायचं कसं? आजचा सगळा भाग त्यासाठी.

हा चौदावा दिवस आला कुठून ते आधी सांगते, कारण उत्तर तिथंच आहे. १९२० च्या दशकात जपानमधल्या निगाता इथं क्यूसाकू ओगिनो नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. सोनोग्राफी तेव्हा नव्हती, रक्तातले हार्मोन मोजता येत नव्हते. पोटाचं ऑपरेशन करताना ते बीजांडकोश डोळ्यांनी पाहायचे, बीज बाहेर पडलं आहे का याची नोंद ठेवायचे आणि ती त्या बाईच्या पाळीच्या तारखांशी ताडून बघायचे. त्यांना दिसलं की मागच्या पाळीपासून मोजलं तर काही केल्या मेळ बसत नाही. पण पुढच्या पाळीपासून उलटं मोजलं तर बसतो. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी. १९२४ मध्ये त्यांनी हे मांडलं. पुढच्या काही वर्षांत ऑस्ट्रियाचे हर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला पोचले.

२८ दिवसांच्या पाळीत मागून मोजा की पुढून, चौदाच येतात. त्यामुळे पुढं सांगोवांगी होताना "उलटं मोजायचं" हा भाग गळून पडला आणि "चौदावा दिवस" तेवढा उरला. पाळी ३५ दिवसांची असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास येतं. ४५ दिवसांची असेल तर एकतिसाव्या. विट्याच्या मुलीची ५२ दिवसांची जी पाळी होती, तिच्यात बीज आलंच असेल तर ते अडतिसाव्या दिवसाच्या आगेमागे. दोन ठिपके आणि तो दिवस यांच्यात तीन आठवड्यांहून जास्त अंतर आहे.

असं का होतं तर पाळीचे दोन भाग सारखे वागत नाहीत. बीज बाहेर पडल्यावर मागे जो फॉलिकल (बीजाचा कोश) उरतो त्याचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन बनवतो, आणि गर्भ राहिला नाही तर त्याचं आयुष्य साधारण दोन आठवड्यांचं. हा दुसरा भाग बहुतेकींमध्ये फारसा हलत नाही. लांबतो तो पहिला भाग, बीज पिकण्याचा. तुमची पाळी लांबली म्हणजे बीज पिकायला वेळ लागला, किंवा ते पिकलंच नाही.

अर्थात उलटं मोजण्यात एक मोठी अडचण आहे. पुढची पाळी कधी येणार हे आधी कळत नाही. जिची पाळी घड्याळासारखी येते तिला अंदाज बांधता येतो. बाकीच्यांना मोबाइलमधलं ॲप तारीख सांगतं, पण ते काय करतं? मागच्या पाळ्यांची सरासरी काढतं. ३२, ५१ आणि ४० दिवसांची सरासरी ४१ होते, गणित बरोबर आहे. पण या तिन्हींपैकी एकही पाळी ४१ दिवसांची नव्हती आणि चौथी तशी असेल याला काही आधार नाही. ॲपमध्ये तारखा नोंदवा, जरूर नोंदवा, डॉक्टरला दाखवायला त्या फार उपयोगी पडतात. त्यातलं ते रंगवलेलं भाकीत मात्र मनावर घेऊ नका.

आता पीसीओडीत आत काय चाललेलं असतं ते थोडं जवळून बघू. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांचं वर्णन केलं, पाळी बंद, बीजांडकोश मोठे आणि त्यांवर बारीक बारीक फोडांसारखं काहीतरी. तेव्हा त्यांना सिस्ट म्हटलं गेलं आणि ते नाव चिकटलं. "मॅडम, माझ्या पोटात गाठी आहेत" असं रडवेल्या आवाजात सांगणारी मुलगी आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर बसते. बाई गं, त्या गाठी नाहीत. ते बीजाचे कोश आहेत, दोन ते नऊ मिलिमीटरचे, वाढायला सुरुवात करून मध्येच थांबलेले. सोनोग्राफीत ते कडेनं मोत्यांच्या माळेसारखे दिसतात. बीजं कमी नाहीत, उलट भरपूर आहेत. त्यांतलं एक निवडून पुढं काढायचं काम अडलेलं आहे.

एरवी दर महिन्याला मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच हार्मोन येतं, त्यावर काही फॉलिकल वाढू लागतात, त्यांतला एक पुढं निघतो आणि १८ ते २२ मिलिमीटरपर्यंत पिकतो. पीसीओडीत मेंदूकडून एलएच हे दुसरं हार्मोन जास्त आणि एफएसएच त्या मानानं कमी असा संदेश जात राहतो. इन्सुलिन जास्त असेल तर ते बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन बनवायला आणखी उद्युक्त करतं. सगळे फॉलिकल थोडे वाढून तिथंच अडून बसतात. मग तीन आठवड्यांनी, पाच आठवड्यांनी कधीतरी एखादा पुढं सरकतो. कधी पूर्ण पिकतो, कधी अर्ध्यावर विरतो. विरला की काही दिवसांनी दुसरा उठतो. म्हणजे एका पाळीत शरीर बीज सोडायचा दोनदा, तीनदा प्रयत्न करतं, आणि प्रत्येक प्रयत्नाच्या खुणा बाहेर दिसतात. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढं जे सांगणार आहे ते सगळं यावर उभं आहे. पीसीओडीत खुणा दिसत नाहीत अशी तक्रार फारशी नसते. खुणा जास्त दिसतात, आणि त्यांतली खरी कुठली हे कळत नाही.

("मी तर काडीसारखी आहे, मला पीसीओडी कसा?" असं विचारणाऱ्यांसाठी इथंच एक सांगून ठेवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांत बारीक अंगातही चरबी आणि इन्सुलिनचा बिघाड लपलेला असू शकतो, हे त्या एका फोटोनं दाखवून दिलं. वजनकाट्यावर विसंबून पीसीओडी नाही असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.)

खुणांकडे येऊ. पहिली खूण फुकटची आणि सर्वांत दुर्लक्षित : अंगावरून जाणारा स्राव. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बिलिंग्ज पतिपत्नींनी १९५० च्या दशकापासून यावर आयुष्यभर काम केलं. बीज पिकत आलं की इस्ट्रोजेन वाढतं आणि गर्भाशयाच्या मुखाचा स्राव बदलतो. एरवी तो नसतो किंवा घट्ट, चिकट, पांढुरका असतो. बीज जवळ आलं की तो पातळ, पारदर्शक, निसरडा होतो. पुस्तकात त्याला अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींनी अंडं कधी फोडलेलं नसतं. त्यांना मी पाकाचं उदाहरण देते. लाडवांचा पाक झाला का हे बघायला आपण थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांबवतो ना, अगदी तसंच करून पाहायचं. तार न तुटता दोन-तीन सेंटिमीटर ताणली गेली तर हे ते दिवस आहेत. हात लावायचा नसेल तर लघवीनंतर पुसताना निसरडं लागतं का एवढं बघितलं तरी चालतं. रोज रात्री एक शब्द लिहायचा : कोरडं, चिकट, तार.

या बाबतीत माझी एक खंत आहे. "अंगावरून पांढरं जातं" म्हटलं की आपल्याकडे ते दुखणंच समजतात, आणि कित्येकींनी नेमक्या या तार येण्याच्या दिवसांत जंतुसंसर्गाच्या गोळ्या आणि क्रीम वापरलेलं असतं. खाज, जळजळ, घाण वास, दह्याच्या कण्यांसारखा किंवा हिरवट स्राव, हे आजाराचं लक्षण. निसरडी, बिनवासाची तार म्हणजे शरीर दार उघडत आहे.

पीसीओडीत मात्र ही तार महिन्यातून दोनदा-तीनदा येऊन जाऊ शकते, वर सांगितलेल्या अर्धवट प्रयत्नांमुळे. म्हणून तार आली म्हणजे बीज सुटलंच असं नाही. सुटू शकेल, एवढंच. पण संबंधांसाठी तेवढं पुरतं. तार दिसल्यापासून ती जाईपर्यंत दिवसाआड संबंध ठेवा, बीज आलंच तर तुम्ही तयार आहात.

दुसरी खूण औषधांच्या दुकानात पाकिटात मिळते, ओव्ह्युलेशनची स्ट्रिप. बीज सुटायच्या साधारण दीड दिवस आधी एलएच एकदम उसळतं आणि ते लघवीत उतरतं, ते ही पट्टी पकडते. वाचायला सगळ्याच जणी चुकतात, कारण गरोदरपणाच्या टेस्टची सवय झालेली असते. तिथं दुसरी रेघ कितीही फिकट असली तरी ती रेघ असते. इथं तसं नाही. एलएच थोडंफार नेहमीच असतं, त्यामुळे फिकट दुसरी रेघ रोजच दिसू शकते. ती शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच ती उसळी. आणि सकाळची पहिली लघवी या पट्टीला चांगली नाही. उसळी बहुधा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात, म्हणून दुपारी किंवा संध्याकाळी, रोज ठरावीक वेळी, आधी दोन तास फार पाणी न पिता तपासा.

पीसीओडी असलेल्या बाईला ही पट्टी हमखास फसवते. तिचं एलएच मुळातच वरच्या पातळीवर असेल तर पट्टी आठ-आठ दिवस गडद राहते. आठही दिवस नवरा-बायको आशेवर, आणि नंतर दोघंही थकलेले. शिवाय पाळी ५० दिवसांची असेल तर पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे दहाव्या-अकराव्या दिवसापासून सुरुवात केल्यावर पट्ट्या संपून जातात आणि बीजाचा पत्ता नसतो. माझं सांगणं असं असतं : तारीख बघून पट्टी सुरू करू नका. तार सुरू झाली की पट्टी सुरू करा, तार गेली की थांबवा. वापरलेल्या पट्ट्या टाकून देऊ नका. तारीख लिहून वहीत एकाखाली एक चिकटवा. एकटी पट्टी काही सांगत नाही, पण ओळीनं लावल्या की फिकट, फिकट, मध्यम, गडद, पुन्हा फिकट असा चढउतार डोळ्यांना दिसतो. सगळ्याच सारख्या गडद असतील तर पट्टीवरचा खर्च थांबवा, तुमच्यासाठी ते साधन नाही.

तिसरी खूण तापमान. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमान अर्धा-पाऊण अंश फॅरेनहाइटनं चढतं आणि पुढची पाळी येईपर्यंत वरच राहतं. आदल्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस पारा वर असेल तर बीज सुटलं असं धरायचं. यासाठी दोन दशांश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर हवा. सकाळी डोळा उघडल्यावर, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी, रोज साधारण एकाच वेळी मोजायचं, आणि त्याआधी सलग तीन तास तरी झोप झालेली असावी.

हे लिहिताना मला माहीत आहे की हे सांगणं सोपं आहे. ज्या घरात नळाला पाणी एक दिवस पहाटे चारला आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला येतं, तिथं उठल्या उठल्या सून हंड्यांकडे धावते. तोंडात थर्मामीटर धरून मिनिटभर पडून राहणं तिच्या हातात नसतं. रात्रपाळी करणाऱ्या नर्सेस आणि कारखान्यांतल्या मुलींचं तर घड्याळच उलटं. विट्याच्या मुलीनं पहिल्या महिन्यात थर्मामीटर उशीच्या अभ्र्यात ठेवला आणि पाण्याच्या दिवशीची नोंद केलीच नाही, तिथं वहीत "नळ" लिहिलं. मला ते फार आवडलं. चुकीच्या आकड्यापेक्षा मोकळी जागा बरी. सर्दी-ताप, जागरण, प्रवास, या दिवशी असंच करा.

तापमानाबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पारा चढला म्हणून त्या रात्री संबंध ठेवायचे, असं करू नका. तोवर उशीर झालेला असतो. १९९५ मध्ये ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी मूल हवं असलेल्या २२१ अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांत आलेल्या संबंधांतूनच गर्भ राहिला होता. पाच दिवस आधी शक्यता १० टक्क्यांच्या आसपास, बीज सुटण्याच्या दिवशी ३३ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या दिवसापासून काहीच नाही. कारण साधं आहे, स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तास टिकतं आणि शुक्राणू चांगल्या स्रावात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. आधी येऊन वाट बघायची ती शुक्राणूंनी.

मग पारा मोजायचा कशाला? खात्रीसाठी. तार आणि पट्टी पुढचं सांगतात पण खोटं बोलू शकतात. पारा मागचं सांगतो पण पीसीओडीत तोच जास्त खरा. तार आली, पट्टी गडद झाली आणि पुढच्या चार-पाच दिवसांत पारा चढला नाही, तर तो अर्धवट प्रयत्न होता, पुढच्या तारेची वाट बघा. चढला, तर त्या दिवसापासून दोन आठवडे मोजा, पाळी कधी येणार ते आता तुम्हाला ॲपपेक्षा चांगलं माहीत आहे. आणि पारा १८ दिवसांहून जास्त वर राहिला, पाळी आली नाही, तर गरोदरपणाची टेस्ट करा.

विट्याच्या मुलीच्या पहिल्या पाळीच्या ४१ दिवसांत तार दोनदा आली आणि पारा एकदाही चढला नाही. तरीही रक्तस्राव झाला. ती गोंधळली, "पाळी आली म्हणजे बीज झालं ना?" नाही. बीज न सुटताही गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि एका मर्यादेनंतर सुटून पडतं. त्याला आपण पाळी म्हणतो, पण तो नुसता रक्तस्राव असतो. गोळ्या देऊन आणलेली पाळीही तशीच. त्या गोळ्यांनी पाळी येते, बीज येत नाही, हे कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर श्रावण-भाद्रपदाबद्दल बोलते. गौरी-गणपती, वास्तुशांत, घरातलं लग्न, यांसाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. चान्स घेत असलेल्या बाईनं त्या घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पाळीची सगळी नोंद बाद होते, आणि जिचं बीज पाचव्या-सहाव्या आठवड्यात येतं तिच्या पोटात त्याच वेळी गर्भ असू शकतो. पाळी यायच्या गोळीचंही तेच. "मला नेहमीच लांबते" म्हणून दीड महिन्यानं दुकानातून गोळी आणणाऱ्या बाईनं आधी लघवीची टेस्ट करायलाच हवी. सासूबाई ऐकत नसतील तर त्यांना माझ्याकडे घेऊन या. गौरी घरात आल्या आणि सुनेला पाळी आली तर गौरी रागावत नाहीत, हे मी बऱ्याच सासवांना समोर बसवून सांगितलं आहे, आणि बऱ्याच जणींना ते पटलंही आहे.

दवाखान्यातल्या दोन तपासण्या. एक फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या अंतरानं योनीमार्गातून सोनोग्राफी करून फॉलिकलची वाढ बघणं. वाढणारा फॉलिकल रोज दीड-दोन मिलिमीटरनं मोठा होतो, फुटला की मिटतो आणि मागं थोडं पाणी दिसतं. बीज पिकवायच्या गोळ्या चालू असताना ही फार उपयोगी. पण तशी गोळी नाही, पाळी ५० दिवसांची, आणि नवव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी, असं चाललं असेल तर थांबून डॉक्टरांना विचारा. पाचव्या फेरीलाही "अजून लहानच आहे" ऐकून बाई खचते, आणि तिचा त्यात काही दोष नसतो.

दुसरी, प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी. हिच्या चिठ्ठीवर सवयीनं "एकविसावा दिवस" लिहिलं जातं. तो पुन्हा त्या २८ दिवसांच्या बाईचा दिवस. तपासणी हवी ती बीज सुटल्यानंतर सातव्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या आठवडाभर आधी. पाळी ४५ दिवसांची असेल तर तो दिवस अडतिसावा येतो. एकविसाव्या दिवशीचा रिपोर्ट कमी आला म्हणून "तुमचं बीज तयारच होत नाही" असं ऐकून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, ज्यांचं बीज त्यानंतर दहा दिवसांनी व्यवस्थित सुटत होतं. तुमच्याकडे पाऱ्याची नोंद असेल तर पारा चढल्यावर सहा-सात दिवसांनी रक्त द्या. ३ नॅनोग्रॅमच्या वर आकडा म्हणजे बीज सुटलं.

बीज सोडण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, रप्चरचं इंजेक्शन म्हणतात ते, तर त्यानंतर दोन आठवडे घरी गरोदरपणाची टेस्ट करू नका. ती टेस्ट एचसीजीच शोधते. पोटातलं इंजेक्शन तिला सापडतं आणि दोन रेघा उमटतात. मग पाळी येते तेव्हा काहीतरी गमावल्यासारखं दुःख होतं. हे दुःख टाळता येतं, फक्त आधी सांगायला हवं.

हे सगळं किती दिवस करायचं? माझ्या मते तीन पाळ्या. एरवी ३५ च्या आतल्या जोडप्यांनी वर्षभर आणि ३५ च्या पुढच्यांनी सहा महिने प्रयत्न करून मग डॉक्टरकडे जावं असं सांगतात. वर्षाला आठांपेक्षा कमी पाळ्या येत असतील तर हा नियम तुमच्यासाठी नाही, ठरवल्या दिवशीच भेटा. फॉलिक ॲसिड चालू करा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि साखर तपासून घ्या. तीन महिन्यांहून जास्त काळ पाळीच आली नाही तर मूल हवं असो वा नसो, दाखवायलाच हवं. आणि रोज सकाळी थर्मामीटर हातात घेताना छातीत धडधडायला लागलं, आकडा बघून दिवस जायला लागला, तर वही बंद करा. आठवड्यातून दोन-तीनदा संबंध येत असतील तर नोंद न ठेवताही ते सहा दिवस हुकत नाहीत.

ज्यांचं घरच दोन गावांत वाटलेलं आहे त्यांना हे जमत नाही. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात केरळ-तमिळनाडूत गेलेल्या नवऱ्यांच्या बायका आमच्या भागात पुष्कळ. त्यांना मी सांगते, तीन महिने तिकडे राहायला जा, ती कुठल्याही गोळीइतकी उपयोगी गोष्ट आहे. चाकणसारख्या शनिवार-रविवारच्या जोडप्यांसाठी थोडा दिलासा आहे. शनिवारी आणि रविवारी संबंध आले आणि त्या दिवसांत तार होती, तर शुक्राणू बुधवारपर्यंत टिकू शकतात. तार सोमवारी सुरू झाली तर मात्र एक फोन करायचा, आणि त्यानं रजा टाकायची. रजा टाकायची ती तारेसाठी.

दुसऱ्या पाळीत तिनं तसा फोन केला. एकोणतिसाव्या दिवशी तार, एकतिसाव्या दिवशी पट्टी गडद, आणि चौतिसाव्या दिवसापासून पारा ९७.१ वरून ९७.८ वर, तिथंच टिकलेला. चाळिसाव्या दिवशीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन ११. त्या वेळी गर्भ राहिला नाही. पण वही माझ्यासमोर ठेवून ती चौतिसाव्या दिवसावर बोट टेकवून बसली होती, "म्हणजे माझ्यात होतं मॅडम. उशिरा होतं, पण होतं." इतक्या महिन्यांनी प्रथमच ती न रडता बोलत होती.

नवरा त्या दिवशी बरोबर आला होता, बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावलं. एवढ्या काळात बायकोच्या तीन सोनोग्राफी, दोनदा रक्त आणि असंख्य उपवास झाले होते. त्याची एकही तपासणी कुणी सांगितली नव्हती आणि त्यानंही विचारली नव्हती. वीर्यतपासणीची डबी मी त्याच्या हातात दिली आणि दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सकाळी लॅबमध्ये यायला सांगितलं. त्यानं डबी शर्टाच्या खिशात घातली, मग बाहेरून दिसते म्हणून काढून तिच्या पिशवीत, कालनिर्णयच्या गुंडाळीशेजारी ठेवली.

(पुढच्या आठवड्यात : लेट्रोझोल. २०११ मध्ये आपल्याकडे वंध्यत्वासाठी बंदी घातलेली आणि २०१७ मध्ये पुन्हा परवानगी मिळालेली गोळी. कुणाला, किती दिवस आणि काय बघून.)